टाइप १ मधुमेह, सततची भीती आणि विश्वास : एका आईच्या प्रश्नाला उत्तर

ताई, जय ख्रिस्त.

तुमचा प्रश्न वाचला. इतरांनाही संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुमची मुलगी १९ वर्षांची. अकराव्या वर्षापासून टाइप १ मधुमेह (यात शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही, ते बाहेरून टोचावं लागतं). पुण्यात हॉस्टेलवर राहून शिकते. गेल्या हिवाळ्यात रात्री शुगर लो होऊन ती बेशुद्ध पडली आणि रूममेटनी तिला रुग्णालयात नेलं. तेव्हापासून छातीत धडधड, हात थरथरणं, वर्गात बसवत नाही. आणि पुन्हा लो होऊ नये म्हणून शुगर ती जाणूनबुजून वर, २५०-३०० च्या घरात ठेवते. तिच्या डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला सांगितलं आहे. मंडळीतले (चर्चमधले) काही जण म्हणतात विश्वास कमी पडतोय, तिला उपास-प्रार्थनेला बसवा. आणि ती म्हणते, “मला आता बायबलमधलं एकही वचन सांगू नका.” तुम्ही विचारलं आहे : मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावं की ख्रिस्ती समुपदेशकाकडे?

मी समुपदेशक आहे. मिशन रुग्णालयात आणि मंडळ्यांमधल्या तरुणांबरोबर, विशेषतः लांबलेली आजारपणं असलेल्या मुलामुलींबरोबर, बरीच वर्षं काम करते आहे. माझ्या मते या दोघांतून एकाची निवड करायची वेळ तुमच्यावर आलेलीच नाही. दोघंही लागतील. खरी अडचण वेगळी आहे. तुमच्या मुलीला जी भीती वाटते ती मोठ्याने बोलायला जागा राहिलेली नाही. घरी बोलली तर तुम्ही काळजीने अर्ध्या होता, मंडळीत बोलली तर वचन मिळतं, डॉक्टरांकडे बोलली तर एचबीएवनसीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा) आकडा पुढे येतो. समुपदेशन ख्रिस्ती असो वा नसो, त्याने आधी ही जागा करून द्यायला हवी.

आता, लांबून मला जे ठरवता येत नाही ते सांगून टाकते. शेवटचं कसून तपासणं कधी झालं, किटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारी आम्लं) वाढून दाखल करायची वेळ आली होती का, मरणाचे विचार तिच्या मनात येतात का, आणि समुपदेशनात प्रार्थना, पवित्र शास्त्र यावं असं तिला स्वतःला वाटतं का, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. शेवटचा मुद्दा तुम्हाला कदाचित खटकेल. पण ती सज्ञान आहे. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक तरुणाला मी पहिल्याच भेटीत विचारते की देवाबद्दल इथे बोलायचं आहे का, आणि “नको” म्हटलं तर विषय बंद. काही जण दोन-तीन महिन्यांनी स्वतःहून काढतात, काही कधीच काढत नाहीत. दोघांनाही मदत सारखीच मिळायला हवी.

सुरुवात शरीरापासून करू, कारण इथे चूक झाली तर ती जिवावर बेतते. शुगर लो होण्याची लक्षणं आणि घबराटीची लक्षणं जवळजवळ सारखी असतात : धडधड, घाम, थरथर, डोकं हलकं होणं. दोन्हींत शरीर तेच रसायन सोडतं, ॲड्रेनॅलिन. त्यामुळे “ही भीती आहे, श्वास घे” असं सांगण्याआधी शुगर मोजायचं मीटर. नेहमी मीटर. ७० च्या खाली असेल तर पंधरा ग्रॅम लवकर चढणारी साखर, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून किंवा ग्लुकोज पावडर, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणं. बिस्किट किंवा चॉकलेट तेव्हा कामाचं नाही, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर हळू चढते. ५४ च्या खाली गेली तर प्रकरण गंभीर. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, थेट रुग्णालय. हे तिच्या रूममेटना नीट शिकवून ठेवा. मुलीच्या भीतीवरचा अर्धा उपाय त्यातच आहे.

यात एक गुंता आहे. जिचं शरीर महिनोन्महिने ३०० ला सरावलं आहे तिला शुगर झपाट्याने १२० वर आली तरी “लो” झाल्यासारखं वाटू शकतं. ती खोटं बोलत नसते, शरीरच तसा इशारा देतं. म्हणून तिला एकदम खाली आणायचं नसतं. तिच्या मधुमेहतज्ज्ञांना स्पष्ट सांगा की ती लो होण्याच्या भीतीने शुगर वर ठेवते. बरेच डॉक्टर अशा वेळी काही काळ लक्ष्य थोडं वर ठेवून टप्प्याटप्प्याने उतरवतात, रात्रीचा डोस तपासतात, आणि परवडत असेल तर अंगावर लावायचा, अलार्म वाजणारा शुगरचा सेन्सर सुचवतात. त्याच भेटीत थायरॉइडची तपासणीही मागा. टाइप १ असलेल्यांत थायरॉइडचे विकार जास्त आढळतात आणि थायरॉइड वाढला तरी धडधड होतेच. आणखी एक, नुसत्या धडधडीसाठी कोणी प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी लिहून दिली तर ती मधुमेहतज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. त्या गोळीने धडधड आणि थरथर दबते, पण शुगर खरोखर लो होते तेव्हा मिळणारा इशाराही दबतो.

भीतीवरचं काम कसं चालतं ते एका मुलाच्या उदाहरणाने सांगते. (उदाहरणांतले तपशील मी बदलले आहेत, दोन-तीन जणांचे अनुभव एकत्र केले आहेत.) कॉलेजला जाणारा मुलगा, टाइप १. एकदा एसटीत लो झाला, कंडक्टरने गाडी थांबवली, लोक जमले. त्यानंतर तो एसटीत चढेना. स्ट्रिपवर स्ट्रिप वापरायचा, दर अर्ध्या तासाला बोट टोचायचा. आम्ही एक दोनशे पानी वही घेतली आणि पानाचे दोन भाग केले. डावीकडे मीटर बघण्याआधी शरीरात काय वाटतंय ते आणि आपला अंदाज, उजवीकडे मीटरचा आकडा. पहिल्या आठवड्यातली एक ओळ अशी होती : “छाती धडधडते, जीव घाबरतोय, नक्की ६० – १६८.” अशा ओळी साठत गेल्या तसं त्याच्याच लक्षात आलं की खरोखर लो होतं तेव्हा त्याला आधी मानेवर घाम येतो आणि भूक लागते, भीतीची सुरुवात मात्र छातीत होते. प्रत्येकाची खूण निराळी, पण बहुतेकांना ती सापडते. मग डॉक्टरांशी बोलून पायऱ्या ठरवल्या : भावाबरोबर एका थांब्यापर्यंत, मग एकट्याने एका थांब्यापर्यंत, मग तालुक्यापर्यंत. खिशात ग्लुकोज, गळ्यात टाइप १ असल्याचं ओळखपत्र. प्रत्येक पायरीवर भीती चढायची आणि तो उतरून पळाला नाही तर आपोआप ओसरायची. हे त्याने पुन्हा पुन्हा अनुभवलं, तेव्हा बस परत साधी बस झाली.

तुमच्या मुलीच्या बाबतीत वर्ग, रात्रीची झोप, इन्सुलिनचा पूर्ण डोस या पायऱ्या असतील. तिच्या भीतीला खुळी म्हणू नका. ती एकदा खरोखर मरणाच्या दाराशी जाऊन आली आहे. भीती रास्त कारणाने सुरू झाली आणि मग सगळीकडे पसरली, इतकंच.

आता विश्वासाकडे येते, कारण मला वाटतं तुमच्या पोटात खरं दुखणं इथे आहे.

“विश्वास कमी पडतोय” हे वाक्य मी इतक्या आजारी तरुणांच्या तोंडून ऐकलं आहे की ते कानावर पडलं की राग येतो. त्या वाक्याने आजार बरा होत नाही, आजारावर अपराधीपणाचं ओझं मात्र चढतं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात येशूचे शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारतात, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू दोन्ही नाकारतो. आईबापांचंही नाव त्यात आहे हे लक्षात घ्या, ताई. तुमच्या पत्रात “आमचंच काही चुकलं का” असं एक वाक्य आहे, त्याला हे उत्तर आहे. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही. पौलाचा विश्वास कमी पडला असं आपल्या कुठल्याही मंडळीत कोणी म्हणत नाही.

आणि ते पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातलं, कशाचीही चिंता करू नका हे वचन. तुमच्या मुलीने ते किती वेळा ऐकलं असेल मी कल्पना करू शकते. पण तेच पत्र दुसऱ्या अध्यायापासून वाचा. तिथे एपफ्रदीत नावाचा एक माणूस आहे, आजारी पडून मरणाला टेकलेला. पौल लिहितो की तो गेला असता तर माझ्यावर दुःखावर दुःख आलं असतं, आणि तुम्हाला तो पुन्हा दिसला की माझंही दुःख हलकं होईल. म्हणजे जो चिंता करू नका म्हणतो त्याचाच जीव तिथे टांगणीला लागला होता, आणि तो ते लपवत नाही. त्याहून मला जवळची वाटते ती एपफ्रदीताची अवस्था. तो अस्वस्थ आहे, कारण आपण आजारी असल्याचं घरच्या मंडळीला कळलं! लांबलेल्या आजारातल्या मुलांचं अगदी हेच असतं. स्वतःच्या दुखण्यापेक्षा “माझ्यामुळे आई झोपत नाही” हे त्यांना जास्त छळतं. तुमची मुलगी फोन उचलत नाही त्यामागे हे असण्याची शक्यता मला बरीच वाटते.

वचन नको म्हणणारी मुलगी देवाला नको म्हणते आहे असं मी धरून चालत नाही. तिला गप्प करायला वचन वापरलं गेलं, म्हणून ते नको झालं. तिची इच्छा असेल तर मी अशा वेळी विलापाच्या स्तोत्रांकडे जाते. तेराव्या स्तोत्राच्या सुरुवातीलाच “कोठवर?” हा प्रश्न पुन्हा पुन्हा देवाला विचारला आहे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, त्यात आशेची ओळ शेवटी जोडलेली नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. मी मुलांना म्हणते, तुमचं स्तोत्र तुम्ही लिहा, मी दुरुस्त करणार नाही. एका मुलीने एकच ओळ लिहिली होती : “प्रभू, एक दिवस तरी सुट्टी दे.” टाइप १ ज्याला आहे त्याला ही ओळ समजावून सांगावी लागत नाही. नाताळच्या दिवशीही बोट टोचायचं, ज्वर असतानाही हिशोब करायचा, केकचा तुकडा उचलण्याआधी मनात आकडेमोड. त्या एका ओळीवर आम्ही पूर्ण तास बोललो, आणि मी त्या तासात तिला कोणतंही आश्वासन दिलं नाही.

एलीया संदेष्ट्याची गोष्टही मला कामात नेहमी आठवते. झुडपाखाली पडून तो मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला बोध करत नाही. झोपू देतो, भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. “तू इथे काय करतोस” हा प्रश्न त्यानंतर, कितीतरी दिवसांनी, डोंगरावर येतो.

उपास-प्रार्थनेबद्दल मी ठाम आहे : टाइप १ असलेल्या, घाबरलेल्या मुलीला उपासाला बसवू नका. शुगर लो होण्याचा धोका आहे, आणि त्या भीतीने तिने इन्सुलिन टाळलं तर किटोन वाढण्याचा. कॅथलिक धर्मग्रामातसुद्धा उपासकाळातल्या उपवासातून आजाऱ्यांना सूट असते. तुम्ही उपास करा, तिच्यासाठी करा, पण तिला जेवू द्या. आणि रोगमुक्तीच्या सभेत कोणी हात ठेवून प्रार्थना केली आणि “आता औषध सोड” म्हणाला, तर तिथून उठा. टाइप १ मध्ये शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही, ते बंद केलं की काही तासांत ते एक-दोन दिवसांत जीव धोक्यात येतो. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी या आजाराची मुलं बहुधा वर्ष-दोन वर्षांत जात. आई-बापांनी त्याआधीच्या सगळ्या शतकांत केलेल्या प्रार्थनांचं उत्तर मला त्या बाटलीत दिसतं. पौलाच्या बरोबर लूक हा वैद्य होता आणि तीमथ्याच्या पोटदुखीवर पौलाने उपाय सुचवला होता, हेही पाळकसाहेबांशी बोलताना आठवणीत असू द्या.

पाळकसाहेबांशी बोला जरूर. बहुतेक पाळकांना मदत करायची असते, काय करावं हे कोणी सांगितलेलं नसतं. त्यांना तीन गोष्टी मागा : तिच्या आजारावर व्यासपीठावरून बोलू नये, तिची परवानगी असल्याशिवाय भगिनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर “प्रार्थनेसाठी विषय” म्हणून तिचं नाव टाकू नये, आणि घरी आले तर आजारावर न बोलता चहा घेऊन जावं. आपल्याकडे प्रार्थनेचा विषय दुसऱ्या दिवशी बातमी होतो, आणि मग “तिचं लग्न कसं जमणार” ही कुजबुज सुरू होते. ती मुलींच्या कानावर पोचतेच. तुम्ही नातेवाइकांपासून आजार लपवत असाल तर का लपवता याचा एकदा विचार करा. लपवण्यातून तिला कळतं की ही लाजेची गोष्ट आहे. कोणाला सांगायचं हे ठरवण्याचा हक्क तिचा, पण ती लाज तिला आपल्याकडून मिळू नये.

मानसोपचारतज्ज्ञ ख्रिस्ती असण्याची गरज नाही, चांगला असण्याची आहे. आपल्या मिशन रुग्णालयांनी मानसोपचार परका मानलेला नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये मानसोपचार विभाग आहे, आणि रुग्णाबरोबर घरच्यांनाही राहू देण्याची पद्धत तिथे जुनी आहे. तज्ज्ञ बहुधा तुमच्या मुलीला चिंता आणि नैराश्य मोजणाऱ्या छोट्या प्रश्नावल्या भरायला देतील. त्यातले थकवा, झोप, भूक हे प्रश्न वाढलेल्या शुगरमुळेही “हो” येतात, म्हणून तिचा मधुमेह त्यांना आधी सांगा. गोळ्या सुरू झाल्या तर फरक दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीच्या आठवड्यांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्या मुलांवर, जवळून लक्ष ठेवायचं असतं. काही गोळ्यांनी शुगर हलते, म्हणून मधुमेहतज्ज्ञांनाही कळवा. गोळी घेणं म्हणजे विश्वास सोडणं, असं मानायचं तर इन्सुलिनलाही तेच म्हणावं लागेल.

समुपदेशक निवडताना जास्त काळजी घ्या, कारण “ख्रिस्ती समुपदेशक” ही पाटी आपल्याकडे कोणीही लावू शकतो. विचारा : शिक्षण कुठे झालं? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का? औषधांबद्दल मत काय? मुलीने सांगितलेलं आम्हाला सांगणार का? याचं बरोबर उत्तर “नाही, तिच्या जिवाला धोका असल्याशिवाय नाही” असं आहे. भुतं काढण्याची भाषा पहिल्या भेटीत आली तर पुन्हा जाऊ नका. चांगल्या समुपदेशकाला तुमच्या मधुमेहतज्ज्ञांशी फोनवर बोलायला अडचण नसते.

एक प्रश्न मात्र तज्ज्ञांची वाट न बघता तुम्ही स्वतः विचारायचा आहे, तो आजच विचारा : “जगू नये असं वाटतं का?” सरळ शब्दांत. विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो ही भीती खोटी आहे, बहुतेकांना कोणीतरी विचारलं याने हलकं वाटतं. टाइप १ असलेल्या मुलीच्या हाताशी इन्सुलिन कायम असतं, म्हणून हे टाळता येत नाही. “हो” आलं, किंवा उत्तर देताना ती गप्प झाली, तर तिला एकटं सोडू नका. इन्सुलिनचं पेन घरच्या मोठ्या माणसाकडे ठेवा आणि प्रत्येक डोस समोर घ्यायला लावा, कारण इन्सुलिन बंद करून चालत नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

तुमच्यासाठी थोडंसं. फोनवर पहिला प्रश्न “शुगर किती?” हा असतो ना? तो काही दिवस तिसरा करा. आधी जेवली का, आज काय झालं, ती मैत्रीण कशी आहे. आकडा वाईट आला तर “बरं, मग आता काय करतेस?” एवढंच म्हणा. शिक्षेच्या भीतीने मुलं आकडे लपवतात, आणि लपवलेल्या आकड्यांवर कोणताच डॉक्टर डोस ठरवू शकत नाही. धडधड सुरू झाली आणि मीटर ठीक दाखवत असेल तर लांब श्वास सोडायला सांगा, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. तिला चालत असेल तर त्या श्वासाबरोबर “प्रभू येशू, माझ्यावर दया कर” ही जुनी प्रार्थना मनात म्हणता येते. नको म्हणाली तर नुसता श्वासही पुरतो.

पहिल्या भेटीला जाताना मागच्या दोन आठवड्यांचे शुगरचे आकडे, चालू औषधांची यादी आणि शेवटचे रिपोर्ट घेऊन जा. आत तिला एकटीला जाऊ द्या. तुम्ही बाहेर बसा, शेवटच्या दहा मिनिटांत तिने बोलावलं तर आत जा. परतताना आत काय बोलणं झालं ते विचारू नका, ती सांगेल तेवढं ऐका. जगण्याबद्दलच्या त्या प्रश्नाला तिचं उत्तर “हो” आलं (तेव्हा आधी रुग्णालय) किंवा डॉक्टरांनी थायरॉइडचं काही सांगितलं तर इथे पुन्हा लिहा, त्याप्रमाणे पुढची पावलं बदलतील.